कुणग्यांची नावं

या, जवळ सरका, टाळ मांडीवर ठेवा. अभंग मागाहून होईल, आधी एक गोष्ट ऐका.

इकडं आखातात, आपल्या फहाहीलमध्ये राहणारा विश्वास मूळचा रत्नागिरीकडचा. अकरा वर्षांत गावी गेला नाही. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर, म्हणून भाताच्या कुणग्यांची, म्हणजे बांधांमधल्या शेततुकड्यांची, नावं वहीत उतरवून ठेवावीत असं त्याच्या मनात आलं. शुक्रवारी त्यानं शामलाकाकूला व्हिडिओ कॉल लावला. काकू फोन धरून बांधावरून चालू लागली.

"हा गोविंदाचा, साप चावला तो. हा सखूआत्याचा, तिसऱ्या बाळंतपणात गेली. हा तुझ्या आज्याचा."

विश्वास हसला. "काकू, जिवंत माणसाचा एक तरी आहे का गं?"

"तसं देत नाहीत रे. माणूस गेला की मग कुणग्याला त्याचं नाव लागतं." काकू पुढच्या बांधावर थांबली. "आणि हा विश्वासचा."

"कुठला विश्वास?"

"भातलावणीच्या बाया म्हणतात तसं. मी सांगितलं त्यांना, अगं तो फोनवर बोलतो माझ्याशी. तर म्हणाल्या, बोलतात तसे पुष्कळ." काकूनं पदर सारखा केला, फोन डोळ्यांजवळ आणला आणि हळूच विचारलं, "बाळा, खरं सांग. तूच आहेस ना?"



तेव्हा माउली, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या विश्वासची आठवण ठेवा. गेलेल्यांत नको, असलेल्यांत त्याचं नाव घ्या.