तुम्ही व्हा पुढे

अपघातानंतर आवक-जावक टेबलावरच्या बाई कृत्रिम पाय लावून कामावर रुजू झाल्या. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि जिना हा एवढा अरुंद. मागून बुटांचा आवाज आला की बाई काठीसकट भिंतीला चिकटायच्या आणि म्हणायच्या, "सॉरी हं, माझ्यामुळे खोळंबा. तुम्ही व्हा पुढे." मोठे साहेब तर रोज "च्च" करूनच पुढे जायचे.

आठ महिने असेच गेले. आज बाईंनी काठी घरीच ठेवली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर साहेब मोबाइलमध्ये डोकं खुपसून रेंगाळत होते. सवयीने बाईंच्या तोंडून तेच निघालं.

"सॉरी हं साहेब, जरा बाजूला व्हा. मला घाई आहे."