मधली भिंत

“मधली भिंत अजून वर घ्या ना, तात्या,” आरोही म्हणाली. “न्हायतर दोन्ही घरं एकच दिसतात.”

“तशीच दिसायची, बाय,” शेजारचे कोंडीरामतात्या म्हणाले. “इकडं फोडणी टाकली की तिकडं ठसका लागायचा.”

ओसरीवर प्लॅस्टिकच्या विटांचा ढीग पडला होता. शिवराजनं लेकीच्या वाढदिवसाला सोलापूरहून बाहुलीघराचा संच आणला होता. खोक्यावर गुलाबी बंगला होता, गॅलरीत झोपाळा असलेला. पण शाळेत बाईंनी भूकंपाचं सांगितलं, तेव्हापासून आरोहीनं जुन्या गावातल्या घराचाच ध्यास घेतला होता. बंगला बाजूला राहिला. तात्या सकाळपासून भिंतीला पाठ लावून बसले होते आणि चाचपडत एकेक वीट टक्कन बसवत होते.

शिवराजचे वडील गुंडाप्पा समोर खांबाला टेकून नुसते बघत होते. एकाही विटेला त्यांनी हात लावला नव्हता.

शिवराजला त्याचं नवल वाटलं नाही. आप्पा जुन्या घराबद्दल कधी बोलतच नसत. त्याला जे ठाऊक होतं ते लोकांकडून. त्र्याण्णवच्या त्या पहाटे आप्पा शेतात राखणीला होते म्हणून वाचले. धावत आले तर अख्खी गल्ली दगडमातीचा ढिगारा झालेली. त्यांनी हातांनी उकरलं. शिवराजची आई अयोध्या गेलेली होती. दोन महिन्यांचा शिवराज तेवढा जिवंत निघाला. पलीकडच्या घरात तात्यांची बायको दैवशाला आणि तिचं तान्हं, दोघंही गेली. बाळंतपण उरकून ती दोनच दिवसांपूर्वी माहेराहून आली होती. तात्या तेव्हा ढोकीच्या साखर कारखान्यावर कामाला. रजा मिळून ते गावी पोचेपर्यंत चिता विझल्या होत्या. पोराचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नाही. पुन्हा लग्नही केलं नाही.

नव्या गावात घरं मिळाली तेव्हा आप्पांनी हट्टानं तात्यांच्या शेजारचंच मागून घेतलं. सणासुदीला पहिलं ताट पलीकडं जायचं. दहावीचा निकाल, एसटीतल्या नोकरीचं पत्र, लग्नाचं बाशिंग, प्रत्येक वेळी आप्पा एकच म्हणत, “आधी तात्याच्या पाया पड.” आपलं पोर वाचलं आणि मित्राचं गेलं, हा सल आप्पांना सोडत नाही, असं शिवराजला वाटे. असा बाप मिळाल्याचा त्याला अभिमान होता.

उद्यापासून पलीकडचं घर बंद होणार होतं. तात्यांचे गुडघे गेले होते, एका डोळ्यानं दिसेना झालं होतं. येडशीचा पुतण्या अमरसिंह सकाळी जीप घेऊन त्यांना कायमचं न्यायला येणार होता. शिवराजनं दोनदा म्हणून पाहिलं होतं, “आमच्याकडंच ऱ्हावा की, तात्या.”

“कुठल्या नात्यानं, बाबा?” तात्या हसले होते. “सख्खा पुतण्या असताना म्हातारा परक्याच्या दारात पडला, म्हणतील लोक.”

तेव्हा आप्पा उठून गोठ्याकडं निघून गेले होते. त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

“झालं!” आरोहीनं टाळी वाजवली. “आता माणसं.”

संचातल्या बाहुल्या तिनं हातावर ओतल्या. दोन बायका, एक बाप्या, आणि बोटाच्या पेराएवढं एक बाळ.

“ही दैवशाला आजी. कुठं झोपायची?”

तात्यांनी बाहुली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग मधल्या भिंतीला लागून अलगद आडवी ठेवली. “हितं. बाज हितंच व्हती.”

“अन् आमची आजी?”

“ती भिंतीच्या ह्या अंगाला.” तात्यांनीच तीही ठेवली. “दोघी भिंतीवर टकटक करून बोलायच्या.”

“आरोही, बास आता,” शिवराज म्हणाला. आप्पांनी तोंड वळवलं होतं.

“थांबा ना, बाबा. बाळ राहिलंय.” तिनं खोकं पालथं केलं, ढिगात हात घालून पाहिलं. “एकच आहे. कुणाच्या घरात ठेवू?”

स्वयंपाकघरात शिवराजची बायको शिवप्रिया भाकरी थापत होती, तेवढा आवाज येत होता.

“इचारायचं काय त्यात?” तात्याच शेवटी म्हणाले. त्यांनी ते बाळ आप्पांच्या तळहातावर ठेवलं आणि वरून त्यांची मूठ मिटली. “ठिव, गुंडाप्पा, तुझ्या घरात. माझ्या नशिबातच नव्हतं. तुझं वाचलं, त्यातच म्या समद्या जन्माचं सुख मानलं. एवढ्या वर्षांत तुला कधी म्हणलो न्हाय, आज जाता जाता म्हणतो.”

आप्पा पुढं सरकले. बराच वेळ मूठ उघडेना. मग त्यांनी ती उघडली, आणि हात अयोध्येवरून, मधल्या भिंतीवरून पलीकडं नेऊन बाळ दैवशालेच्या कुशीत निजवलं.

“आजोबा, चुकलात,” आरोही म्हणाली. “ते तात्यांचं घर आहे.”

“न्हाय चुकलो, बाय.” आप्पांनी मान वर केली. ते तात्यांकडं बघत नव्हते, शिवराजकडं बघत होते. “आमचं लेकरू अयोध्येच्या छातीशीच थंड झालं व्हतं. जितं निघालं ते ह्या घरातनं. कोंडीराम, तू दोन दिवसांनी आलास, तवर म्या त्याला माझं म्हणून बसलो व्हतो.”