मोठ्या साखळीची पट्टी

छोट्या साखळीच्या मापाची पट्टी डब्यात कोरी करकरीत पडली होती. टेबलावर लोखंडाच्या भुशाने माखलेली होती ती मोठ्या साखळीची.

ती दोन्ही पट्ट्यांकडे बघतच राहिली.

"काय गं, अशी थिजलीस का?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आई, भावजींच्या छोट्या करवतीची साखळी... चुकीची पट्टी लावून घासली मी."

काल दिराने चिडवलं होतं, "वहिनी, तुम्ही धार लावलेली साखळी लोणी झकास कापते. लाकडाचं तेवढं बघा!" तीही हट्टाला पेटून बसली. गोल कानस नेमक्या मापाची घेतली, दोन्ही बाजूंच्या दातांना तीस अंशांचा कोन सारखा दिला. पण प्रत्येक दातापुढे एक इवलासा उंचवटा असतो. दाताने लाकडात किती शिरायचं, ते तो ठरवतो. त्यावर मापाची पट्टी ठेवायची आणि तिच्या खाचेतून वर येईल तेवढंच घासायचं. मोठ्या साखळीच्या पट्टीमुळे तो उंचवटा फार खाली गेला होता. दातांना आता लगामच नव्हता. लाकडात अडकले, की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येणार.

तिने दिराला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. करवतीपुढे त्याला कुठला ऐकू यायला!

ती पळाली. गल्लीच्या टोकाला, गोदामामागे, दीर गुडघा टेकून उभ्या झाडाच्या बुंध्याशी बसला होता. पाठ तिच्याकडे, कान झाकलेले. करवत हिसके देत होती आणि तो तिला दाबून धरत होता.

तिने हाक मारली. पुन्हा मारली. स्वतःची हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही.

मागून हात लावायची सोय नव्हती. कापणारा दचकतो आणि चालू करवतीसकट वळतो, हे त्यांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तोडलेल्या फांद्यांचा डोंगर. उरली समोरची जागा. झाड पडण्यासाठी दोरी बांधून मोकळी ठेवलेली.

देवाचं नाव तोंडात अर्धंच आलं. ती दोरीखालून वाकून आत शिरली आणि दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिली.

दिराने मान वर केली. त्याने करवत बंद केली.

"वहिनी! वेड लागलंय का तुम्हाला? हटा तिथून!"

"साखळी..." एवढंच तिच्या तोंडून फुटलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी. सगळं जागच्या जागी होतं. तिचे पाय मात्र जागचे हलेनात.

तेवढ्यात त्या शांततेत बुंध्यातून कर्रर्र असा बारीक आवाज आला. दोघांनीही वर पाहिलं.