दोन माईक

कबड्डीच्या अंतिम सामन्याचं रेडिओवर समालोचन करताना शिरोडे सरांनी चढाईपटूचं नाव तिसऱ्यांदा चुकवलं. शेजारी बसलेल्या वृंदा हुलवळेनं तिसऱ्यांदा ते सुधारलं. सरांनी खटकन दोघांचेही माईक बंद केले.

“बाई, पुन्हा मधे तोंड घातलंत, तर उद्यापासून इथे दिसणार नाही.”

वृंदा उत्तर देणार होती. पण सर डोळे बारीक करून मैदानाकडे बघत होते. तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत खेळाडूचं नाव लिहून पुढे सरकवलं. सरांनी आपला माईक पुन्हा सुरू केला. सामना संपेपर्यंत ती लिहीत राहिली, सर वाचत राहिले.

“माझी कीव करू नका,” हेडफोन आपटत ते म्हणाले.

“कीव कसली? मोतीबिंदू काढून या. तुमची खुर्ची मला घ्यायचीच आहे, पण तुम्हाला नीट दिसत असताना.”