कागदाची उलटी बाजू

"एक मिनिट," बायको म्हणाली. "पूर्ण साठ सेकंद. त्याच्या आत खाली आलं, तर टेबल माझं आणि विमानं कायमची बंद. कबूल?"

"कबूल," घड्याळवाला म्हणाला. एका हातात विमान, दुसऱ्या हातानं नाकावरचा पंखा धरलेला, आत तो फिरवणाऱ्या रबराला तीनशे पीळ. पीळ तिनंच मोजले होते. दोनशे ऐंशीलाच तो थांबत होता, तर "चालूगिरी नको" म्हणून वीस आणखी द्यायला लावले.

हे बारावं विमान. चित्र त्याचं, मापं त्याची, लाकडाची एकेक पट्टी त्यानं स्वतः तासलेली. दुकानातलं आयतं काही आणायचं नाही, हा हट्ट. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद लावून देणारा माणूस, पण त्याचं एकही विमान नऊ सेकंदांच्या वर हवेत टिकलं नव्हतं. पहिलं तर चार सेकंदांत थेट कचऱ्याच्या डब्यात गेलं. गल्लीनं त्याचं नाव 'कॅप्टन' ठेवलं ते त्याच दिवशी.

आणि टेबल म्हणजे बायकोचं कापड बेतायचं टेबल. ती शिवणकाम करायची. चार वर्षं टेबलावर विमानं आणि ही जमिनीवर बसून लोकांचे कोट बेततेय! गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं पैज घातली. "हे मिनिटभर उडालं ना, तर नाव बदलीन मी," असं शेजारणींसमोर सांगून टाकलं.

तसं तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. पंखांवर पातळ लाल कागद चढवायचा, तो सुरकुती न पडता. ते काम तिचं. त्या वेळी ती त्याला खोलीबाहेर काढायची आणि आतून कडी लावायची. एकदा त्यानं मदत म्हणून कागदावर मधली रेघ मारली, तर केवढी उखडली होती! "खूण कधी सुलट्या बाजूला करतात का हो? शिंपिणीबरोबर इतकी वर्षं राहून एवढंही कळू नये?" विमान पडलं की तुकडे गोळा करून माळ्यावरच्या खोक्यात ठेवायचं कामही तिचंच. त्याला ते बघवत नसे.

"सोडा आता! रबर म्हातारं होईल," ती ओरडली.

त्यानं सोडलं.

विमान आधी थोडं खाली बसलं. झालं, गेलं, असं म्हणून त्यानं डोळे मिटले. मग बायकोची किंकाळी ऐकू आली आणि उघडले. विमान वर चाललं होतं! अहो, वर! मैदानाच्या कडेच्या झाडांच्या वर, दिव्यांच्या खांबांच्या वर, निवांत गिरक्या घेत. "वीस!" ती ओरडली. "तीस! अहो, चाळीस!" तो नुसता उड्या मारत होता. पन्नाशीत हा माणूस इतक्या उंच उडी मारू शकतो, हे त्यालाही माहीत नव्हतं. साठ झाले तेव्हा तिनं चप्पल हवेत फेकली आणि मोजायचंच सोडून दिलं. रबराचे पीळ कधीच संपले होते, पण तापलेल्या मैदानावरची हवा वर चढत होती आणि विमानाला काही खाली सोडत नव्हती.

दोघं धावले. ती एक चप्पल पायात, एक हातात घेऊन. हसून हसून दोघांच्या बरगड्या दुखायला लागल्या. विमान घरांच्या छपरांवरून गेलं, लाल ठिपका झालं आणि दिसेनासं झालं.

मैदानाच्या कठड्यावर दोघं धापा टाकत बसले. "जिंकलो," तो म्हणाला आणि त्याचा चेहराच पडला. "पण गेलं गं. आता कसलं सापडतंय! त्यावर नाव-पत्ता लिहायला हवा होता. पण असं जाईल असं मला तरी कुठे वाटलं होतं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. समोरचा माणूस इतका ओरडून बोलत होता की दोघांनाही ऐकू येत होतं. "बेकरीतून बोलतोय. तुमचं विमान आमच्या पत्र्यावर उतरलंय. आत कुणी नव्हतं ना?"

घड्याळवाल्यानं फोन ओढून घेतला. "हा नंबर कुठे मिळाला तुम्हाला?"

"पंखाचा कागद फाटलाय जरासा. आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलाय की."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती चपलेचा अंगठा नीट करण्यात फारच गुंतली होती.

"उडणार नाही म्हणून पैज घातलीस आणि नंबर लिहिलास?"

"पैज वेगळी, नंबर वेगळा," ती म्हणाली. "चला, बेकरी बंद होईल."

विमान घेऊन घरी आले. त्यानं टेबलावरचं सगळं सामान उचलून पलंगावर ठेवलं, टेबल पुसलं आणि माळ्यावर चढला. खोकं खाली काढलं. "कशाला आता ती मढी उकरताय?" ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. तळाशी पहिलं विमान होतं, चार सेकंदांचं. त्यानं पंखाचा चुरगळलेला कागद हळूच सोडवला आणि उलटा केला. कधीच बंद झालेला त्यांचा जुना नंबर. त्याखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं:

'खूप लांबून आलंय. जपून ठेवा, आम्ही न्यायला येतो.'