बंद पडायची वेळ

रत्नमालेचा नवा कॉम्प्युटर चालता चालता फटकन बंद पडायचा. कधी बाराला, कधी दोनला. लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म उडायचे आणि सानगडी गावभर तिच्या ऑनलाइन फॉर्मच्या सेंटरची शोभा व्हायची. मशीन बदलून मिळायच्या मुदतीचे तर तीनच दिवस उरलेले. "आधी वेळा लिहून ठेवा, मगच मशीन बदलायचं बघू," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता. तिनं वायर बदलली, धूळ फुंकली, बसल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, सारं वहीत टिपलं. आज वही चाळली, तर ती खुर्चीत बसल्यापासून दर वेळी बरोबर चार तासांनी ते बंद पडलेलं! मग हिला चैन कुठलं? चार तास भरत आले तशी ती उठून घराच्या छपरीत, कॉम्प्युटरची लाइन जिथून येते त्या मीटरपाशी धावली.

बटनावर सासऱ्यांचा, डोमाजींचा हात होता.

"मामाजी! तुमी काहून बंद करून राहिले?"

"चार घंटे झाले का बैल सोडाव लागते, बेटा. मुकं जनावर, सोताहून सांगत नाही."

"मशीन हाय ते, बैल नाही! मशीनले काय थकवा येते?"

डोमाजींनी झाकून ठेवलेलं तिचं ताट पुढं सरकवलं.

"मशीनचं कोन बोलून राहिलं?"