खुर्चीची फट

सिंधुबाईच्या डाव्या मांडीवर पुन्हा काळानिळा डाग दिसला, तेव्हा कचरूनं खुर्ची अंगणात ओढली.

खुर्ची त्यानंच केलेली. लकव्यानं बायकोचं डावं अंग गेलं, उकिडवं बसणं संपलं, म्हणून जुन्या दाराच्या फळ्या जोडून, मधे भोक पाडून, खाली बादली बसेल अशी. फक्त दोन फळ्यांच्या मधे बारीक फट राहिली होती. ती बसली की फट फाकायची, उठली की मिटायची, आणि मिटताना मांडीचं कातडं धरायची. गोधडी टाकून पाहिली, तर ती दर वेळी भिजायची. डॉक्टर तर म्हणाले होते, साखर आहे, जखम होऊ देऊ नका.

बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की ओलं पोतं गुंडाळायचं, लाकूड फुगतं, एवढंच कचरूला ठाऊक. तेही करून झालं. सकाळी मिटलेली फट दुपारच्या उन्हानं पुन्हा उघडली. आज तो फेविकॉलात भुसा कालवून भरत होता.

"कशाला एवढा जीव घालता, तात्या?" शेजारचा सतीश कुंपणावरून म्हणाला. "केजला प्लास्टिकच्या भेटत्यात की."

"प्लास्टिकवरनं घसरती ती. तू येणार हायस का धरायला?"

सतीश आत गेला. दारातल्या खाटेवरून सिंधुबाई हसली.

"जल्मभर म्हनले, दाराला कडी बसवा. न्हाई बसवली. आता दाराचीच खुर्ची केली."

कचरूनं बोटानं भुसा फटीत दाबला. भुसा वाळल्यावर त्यानं पॉलिश पेपर घासला, तळहात फिरवला, स्वतः बसून पाहिलं. गुळगुळीत लागलं. मग त्यानं खुर्ची आत नेली आणि तिला धरून तिच्यावर बसवलं.

फळ्या करकरल्या. वाळलेल्या भुशाचे तुकडे खाली बादलीत पडले.

"लागतंय का?"

"न्हाई."

"नीट बघून सांग."

"काय बघू? त्या अंगाला काय कळतंय मला?"

तो खाली बसला आणि फटीवर, तिच्या मांडीखाली, त्यानं आपली बोटं सरकवली.

"आवं, हात काडा. बरं दिसतं का?"

"राहू दे."

ती लाजून भिंतीकडे बघत राहिली. मग उजव्या पायावर जोर देऊन उठू लागली. कचरूनं दुसरा हात तिच्या काखेत घातला. फळ्या मिटल्या. त्याचं बोट चिमटलं आणि तो कण्हला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

कचरू बोट तसंच धरून उभा राहिला.

"तुला लागलं," तो म्हणाला.